कुत्र्याचे पिवळे डोळे आणि घरातली कणगी



या सदरात आपण बहुधा पिकांबद्दल, खतांबद्दल आणि गोठ्याबद्दल बोलतो. आज अंगणातल्या एका लहानशा प्राण्याबद्दल बोलायचे आहे. निमित्त आहे एका भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, "आमच्या घरी सहा वर्षांची पामेरियन कुत्री आहे. वजन असेल पाच किलो. आठ दिवस झाले, भाकरीला तोंड लावत नाही. पिवळा फेस ओकते. काल मुलीने तिला मांडीवर घेतले, तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे दिसले. शेजारच्या काकू म्हणतात, काविळीची माळ घाला. सासूबाई म्हणतात, वैदूचे औषध नाकात पिळा. भाऊजी म्हणतात, कुत्र्यापायी दवाखान्याचा खर्च कशाला? तुम्ही काय सांगता?"

पत्र हाती पडले त्याच दिवशी त्या ताईंना फोनवरून कळवले, "आधी दवाखाना गाठा. माळ नको, नाकात काही पिळू नका, घरातली कोणतीही गोळी देऊ नका." तातडीचे उत्तर एवढेच होते. परंतु हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही, म्हणून आज सर्वांसाठी लिहितो.

मी पशुवैद्य नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. औषध ठरवणे हे माझे काम नाही. तरीही या विषयावर लिहितो, कारण कुत्र्याची कावीळ पुष्कळदा कणगीतल्या बुरशीतून, उंदराच्या मुतातून, अंगणातल्या गोचिडातून, नाहीतर घरातल्या गोळ्यांच्या डब्यातून येते. कणगी तीच, उंदीर तेच, डबाही तोच, आणि त्याच घरात आपली मुलेबाळे राहतात. कुत्रे लहान असते, वजनाने कमी असते, म्हणून पुष्कळदा त्याला आधी बाधते. त्याचे पिवळे डोळे ही साऱ्या घराला आलेली सूचना समजावी.

कावीळ हा रोग नव्हे, खूण आहे

आपण ज्याला काळीज म्हणतो आणि खाटीक ज्याला कलेजी म्हणतो, ते यकृत. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की एक पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. हे द्रव्य रक्तात साचले की डोळे, हिरड्या, कातडी पिवळी दिसू लागतात.

आता आपला शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. पाट तुंबतो तो तीन कारणांनी. वरून पाणीच फार आले, पाट स्वतः गाळाने भरला, किंवा पुढची मोरी बंद झाली. काविळीचेही तसेच आहे. गोचीडतापात तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि यकृत धड असूनही डोळे पिवळे होतात. विषाने किंवा जंतूंनी यकृत बिघडले तर ते द्रव्य उचललेच जात नाही. पित्ताची नळी अडली तर पित्त पुढे सरकत नाही. तिन्ही ठिकाणी डोळे पिवळेच दिसतात, मात्र उपाय तिन्हींचे वेगळे आहेत. एकीचे औषध दुसरीला दिले तर गुण येत नाही, कधी अपायही होतो. म्हणूनच एकच माळ किंवा एकच झाडपाला सगळ्या काविळींना लागू पडणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यकृताची पुष्कळशी नासाडी होईपर्यंत ते आपले काम कसेबसे रेटत राहते. त्यामुळे लक्षणे उशिरा दिसतात. परंतु यकृताला पुन्हा भरून येण्याची शक्तीही मोठी आहे. कारण वेळेवर काढून टाकले तर कित्येक कुत्री सुधारतात. म्हणून "आता काय उपयोग" म्हणून हात टेकू नयेत आणि "बघू आठ दिवस" म्हणून थांबूही नये.

घरी काय पाहावे

कुत्र्याला दिवसाच्या उजेडात न्यावे. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फसगत होते. डोळ्यांचा पांढरा भाग, ओठाच्या आतली बाजू आणि कानाच्या पाळीची आतली कातडी पाहावी. हिरडीवर बोट दाबून सोडावे. साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरट असेल तर रक्त कमी झाले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लघवीचा आणि शौचाचा रंग पाहावा. लघवी गडद हळदीच्या पाण्यासारखी, कॉफीसारखी किंवा लालसर असेल तर तसे टिपून ठेवावे. शौच राखाडी मातीसारखी असेल तर पित्ताची वाट अडल्याची शंका येते. डांबरासारखी काळी असेल तर आत रक्त जात असण्याची शंका असते. पोट फुगून खाली लोंबते का, तहान वाढली का, अंगावर किंवा हिरडीवर लाल ठिपके आहेत का, हेही पाहावे.

आता स्वतःला पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहा.

पहिला प्रश्न : याने काय खाल्ले? परतीच्या पावसात मका भिजतो, भुईमुगाच्या शेंगा काळ्या पडतात. चांगला माल बाजूला काढतो आणि बुरशीचा माल "कुत्र्याकोंबड्यांना होईल" म्हणून ठेवतो. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवरून या विषाचा शोध लागला. ते नेमके यकृतावर जाते. भाजून, उकडून किंवा भाकरी करून ते पुरते नाहीसे होत नाही.

१९७४ च्या अखेरीची गोष्ट जाणत्या मंडळींनी विसरू नये. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांतल्या आदिवासी खेड्यांत पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. त्या घरांतली कुत्रीही त्याच रोगाने मेली, कारण माणसांच्या ताटातलीच भाकरी त्यांच्या वाट्याला येत होती. तयार विकतचे खाद्यही या धोक्यातून सुटलेले नाही. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस याच विषामुळे कुत्र्यांचे खाद्य बाजारातून परत बोलवावे लागले. तेव्हा पोते फोडले की वास घ्या आणि ते ओलीला ठेवू नका.

दुसरा प्रश्न : घरात, गोठ्यात उंदीर फार आहेत का? उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात, चिखलात, उघड्या अन्नावर येतात. कुत्र्याला ताप, ओकाऱ्या, अंगदुखी, कावीळ होते आणि मूत्रपिंडही बिघडते. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती.

तिसरा प्रश्न : अंगावर गोचिड्या आहेत का? कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली हात फिरवून पाहा. गोचिडीतून बबेसिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या, डोळे पिवळे, लघवी गडद आणि भरपूर ताप असे दिसले तर ही शंका पहिली घ्यावी. कानाच्या टोकाच्या थेंबभर रक्ताची काच तपासून पुष्कळदा याचे निदान होते आणि वेळेवर उपचार मिळाले तर गुणही येतो.

चौथा प्रश्न : कोणी काही औषध दिले का? इथे मला माझ्याच घरची चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चार किलोचे एक लहान कुत्रे होते. त्याला ताप आला. दौऱ्यावरून रात्री घरी आलो होतो. डब्यात पॅरासिटामॉल होती. लहान मुलांना देतो, मग याला काय होते, असे म्हणून मी एक गोळी गुळात घालून दिली आणि सकाळी आणखी एक. दुसऱ्या दिवशी त्याचे तोंड सुजले, हिरड्या मळकट तपकिरी झाल्या आणि मग डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "साहेब, घरी काय दिलंत?" चौथ्या दिवशी ते गेले.

नंतर मी हिशोब मांडला. पाचशे मिलिग्रॅमची गोळी चार किलोच्या कुत्र्याला दिली म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम झाले. किलोमागे १०० च्या आसपास कुत्र्याचे यकृत जळू लागते. साठ किलोच्या माणसाने एका वेळी पंधरा गोळ्या गिळाव्यात, तसे ते झाले. फवारणीच्या औषधाचे प्रमाण मी आयुष्यभर शेतकऱ्यांना मोजून सांगत आलो, आणि घरच्या मुक्या जीवाला गोळी देताना वजन विचारात घेतले नाही. याला अडाणीपणा म्हणायचे, दुसरे काही नाही. तुमच्याकडून तो होऊ नये, म्हणून लिहिले.

चुकून गोळी गेलीच तर तासाभरात दवाखाना गाठावा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच कामाला येतो. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्याही कुत्र्याला देऊ नयेत. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते. तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि यकृतही बिघडते. खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्यांनी यकृताच्या तपासणीचे आकडे चढतात आणि नसलेला रोग असल्यासारखा दिसतो.

पाचवा प्रश्न : वय काय, लसी झाल्या का? लस न झालेल्या पिलांना विषाणूची कावीळ होऊ शकते. काही लहान जातींच्या कुत्र्यांत जन्मतःच एक दोष असतो. आतड्याकडून येणारे रक्त यकृतात न जाता बाजूच्या शिरेने थेट निघून जाते. असे पिलू वाढीला खुंटते आणि जेवणानंतर गुंगते, गोल गोल फिरते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, लाळ गाळते. त्याचे डोळे बहुधा पिवळे नसतात, म्हणून कोणाला यकृताची शंकाच येत नाही.

मात्र इथे एक ताकीद आहे. लाळ गाळणारे, वागणे बदललेले कुत्रे पिसाळलेलेही असू शकते. डॉक्टर सांगेपर्यंत त्याच्या तोंडात हात घालू नये आणि मुलांना लांब ठेवावे. ते चावले किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.

दवाखान्यात काय होते

जाताना तो कागद, दिलेल्या औषधांची पाकिटे, खाल्लेल्या धान्याची मूठभर वानगी आणि जमल्यास स्वच्छ बाटलीत लघवी न्यावी. वजनही सांगावे. घरचा काटा असेल तर कुत्र्याला घेऊन उभे राहावे, मग एकटे उभे राहावे आणि वजाबाकी करावी. लहान कुत्र्यात अर्ध्या किलोचा फरकही औषधाच्या मात्रेत मोठा ठरतो.

डॉक्टर रक्ताची मोजणी करतात. त्यातून पेशी फुटताहेत की नाही ते कळते. मग यकृताचे आकडे पाहतात. एस.जी.पी.टी. चढले तर यकृताच्या पेशींना इजा होत आहे, असे समजतात. अल्कलाइन फॉस्फेटेस चढले तर पित्ताची वाट अडल्याचा, नाहीतर स्टेरॉइडचा संशय येतो. बिलिरुबिन म्हणजे ते पिवळे द्रव्यच. हे आकडे इजा किती झाली ते सांगतात, यकृत काम किती करते ते सांगत नाहीत. त्यासाठी अल्ब्युमिन, साखर आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहतात. जन्मजात दोषाची शंका असेल तर बारा तास उपाशी असताना आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची तपासणी करतात. पोटाची सोनोग्राफी पित्ताशय, नळी आणि गाठ दाखवते.

प्रत्येक कुत्र्याला हे सारे लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जे होते ते आधी करून घ्यावे. पुढचे लागलेच तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जायची सोय नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारावे.

ओकाऱ्या थांबत नसतील, कुत्रे उभे राहत नसेल, झटके येत असतील, शौचातून किंवा नाकातून रक्त येत असेल, किंवा लहान कुत्र्याने दिवसभर काहीच खाल्ले नसेल, तर उद्यावर टाकू नये. लहान जीवात साखरेचा साठा थोडा असतो, तो लवकर संपतो.

घरची शुश्रूषा

औषध डॉक्टर देतील. ते सांगितल्या दिवसांपर्यंत द्यावे, डोळे निवळले म्हणून मध्येच सोडू नये. यकृताची टॉनिके मदतीला असतात. ती मूळ कारणाचे औषध नव्हेत, हे विसरू नये.

खाणे थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. मऊ भात, ताजे दही, घरचे पनीर, उकडलेले अंडे चालते. काविळीत प्रथिने पुरती तोडायची, ही समजूत बरोबर नाही. यकृत भरून यायला प्रथिने लागतात. भिंतीला डोके टेकणे, गुंगी अशी लक्षणे असतील तरच डॉक्टर त्यांचे प्रमाण ठरवून देतात. तेव्हाही मटणापेक्षा दही, पनीर, अंडे बरे पडते. तूप, तळण, मसाला, कांदा, उरलेसुरले शिळे अन्न बंद करावे. पोटात पाणी झाले असेल तर मीठ टाळावे. ओकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात बळेच चमचे ओतू नयेत, ते फुप्फुसात जाते. दोन-तीन आठवड्यांनी, किंवा डॉक्टर म्हणतील तेव्हा, रक्त पुन्हा तपासावे.

घरच्यांची काळजी

लेप्टोची शंका फिटेपर्यंत कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी, जागेवर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकावे, नंतर हात साबणाने धुवावेत. पायाला भेगा किंवा जखमा असतील तर अनवाणी फिरू नये. घरात कोणाला ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना "घरचे कुत्रे काविळीने आजारी आहे" हे सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान सोपे होते.

पिलांना सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू कराव्यात आणि डॉक्टर सांगतील तशा पुढच्या मात्रा द्याव्यात. लेप्टोची लस दरवर्षी लागते. रेबीजची लस वेगळी असते, तीही चुकवू नये. गोचिडांसाठी कुत्र्याबरोबर गोठाही साफ करावा.

आणि कणगी? मका, शेंगा ताडपत्रीवर खडखडीत वाळवूनच भराव्यात. दाण्यातला ओलावा मक्यात १२ टक्क्यांच्या आसपास आणि शेंगदाण्यात ८ टक्क्यांच्या आत असावा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. बुरशीचा माल कुत्र्याला नको, कोंबडीला नको आणि दुभत्या जनावरालाही नको. गाईने ती पेंड खाल्ली की विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच लेकरांच्या पेल्यात येते. असा माल लांब खड्ड्यात पुरावा.

आता त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगतो. दवाखान्यात रक्त तपासले. गोचीडताप निघाला नाही, यकृताचे आकडे मात्र फार चढलेले होते. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारले, तेव्हा पडवीतले मक्याचे पोते आठवले. वरचा निवडलेला मका घरासाठी दळला जात होता आणि तळाचा हिरवट मका कुत्रीला आणि कोंबड्यांना. डॉक्टरांचा संशय त्यावरच आहे. पोते पुरले. वरचा मकाही त्यांनी खाणे बंद केले, हे त्याहून चांगले झाले, कारण एकाच पोत्यातले विष तळातच थांबते असे नाही. कुत्री अजून पुरती बरी नाही. परवा तिने दहीभात चार घास खाल्ला, असे ताईंनी कळवले आहे.

त्यांच्या दिरांना माझे सांगणे इतकेच. तपासणीचे पैसे कुत्रीपायी गेले असे मानू नका. तुमच्या ताटातली भाकरी कशी आहे, हे त्या पैशांनी कळले.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल बोलू. तोवर आज संध्याकाळी उजेड आहे तोच एकदा कणगीचे झाकण उघडून पाहा.